शाडूचा सांत रोक

८ जुलै १९८४, रविवार

विम्याच्या एजंटाने दिलेली ही डायरी सहा महिने कपाटावर पडून होती. आजवर तिच्यात दोनच नोंदी आहेत, दोन्ही सिलिंडर संपल्याच्या. आजपासून मात्र लिहावं लागणार, कारण जे झालंय ते कुठेतरी ओकल्याशिवाय माझं डोकं ठिकाणावर राहणार नाही. कुमसाराला, म्हणजे पापं कबूल करायला जावं, तर जाळीपलीकडे फादर नॉर्बर्ट बसलेले. पोस्टाच्या काउंटरवर वीस वर्षं ‘पुढचा’ ओरडून माझा आवाज असा झालाय की अख्खं अंधेरी डोळे मिटून ओळखेल.

अंधेरीतली आमची ख्रिस्ती वस्ती तळेपाखाडी, तिचा राखणदार संत म्हणजे सांत रोक. प्लेगच्या सालात आमच्या पणजोबांनी त्याला क्रूसाजवळच्या घुमटीत बसवला आणि तेव्हापासून पाखाडीत साथ शिरली नाही, असं म्हणतात. हातभर उंचीचा लाकडी सांत. डोक्यावर टोपी, हातात काठी, झगा जरा वर उचलून मांडीवरची जखम दाखवतोय आणि पायाशी तोंडात पाव धरलेलं कुत्रं. सोळा ऑगस्टला त्याचा सण. सणाआधीचे नऊ दिवस तो एका घरात मुक्कामाला असतो. रोज संध्याकाळी तिथे पाखाडी जमते, लदीन, म्हणजे संतांची विनवणी, गाते, उकडलेले चणे खाते. सोळाला घरधनी त्याला छातीशी धरून मिरवणुकीने परत घुमटीत नेतो. बावीस घरं आहेत, म्हणजे हा मान बावीस वर्षांनी एकदा. मागच्या खेपेला बाबांनी नेला होता. यंदा मी, इनास मिरांडा. पुढची खेप येईल तेव्हा मी अडुसष्टचा असेन, असलोच तर.

म्हणून मला वाटलं, आपण काहीतरी जास्त करावं. महिनाभर आधीच फादरकडून घुमटीची चावी घेतली, सांत घरी आणला. म्हटलं, शंभर वर्षांचा मेणबत्तीचा धूर आहे, जरा उजळवून टाकू. आज माझी बायको नातल सकाळीच वसईला बहिणीकडे गेली होती. संधी साधून मी सांताला धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात बसवला. वीस मिनिटांनी पाहतो तर धूर गेला होता, आणि त्याच्याबरोबर भुवयाही. घाबरून बाहेर काढला, नशिबाने ऊन होतं म्हणून मागच्या भिंतीवर वाळत ठेवला आणि दाढी करायला आत गेलो. परत येतो तर भिंत रिकामी.

भिंतीपलीकडे रेजिना मावशीचं घर. वय ऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण पाखाडीची लदीन आजही तीच सांगते. तिचा टायगर अंगणात शेपूट हलवत पडला होता, मिशा तांबड्याभडक. नाक्यावरच्या पानवाल्याकडे त्याचं जाणं वाढलंय, हे मावशीच्या कानावर घालायला हवं. असला कुत्रा काय राखण करणार? चोर भिंतीवरून सांत उचलून नेतो आणि हा भुंकतसुद्धा नाही.

९ जुलै, सोमवार

काल नातल यायच्या आत एक सरबताची बाटली टॉवेलात गुंडाळून कपाटावर उभी केली. वर बाबांच्या वेळची लेसची चादर. उंची बरोबर जमली. नातलला सांगितलं की रंगाचा पहिला हात दिलाय, वारा लागता कामा नये, महिनाभर उघडायचं नाही. ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग तिने टॉवेलासमोर मेणबत्ती लावली. भोळी आहे बिचारी.

१२ जुलै, गुरुवार

कामावरून येताना रेजिना मावशीने ओट्यावरून हाक मारली. "इनास, सांत रोक बरा हाय ना?"

"मस्त आहे मावशी."

"मना काही सांगायचं हाय का तुला?"

"नाही गं. कशाला काय?"

"हं," म्हणाली आणि टायगरच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. टायगर बांधलेला होता. गेल्या दहा वर्षांत तो बांधलेला मी पाहिला नव्हता.

१५ जुलै, रविवार

चर्चमधली मिस्सा संपल्यावर फादर घरी आले. नातलने त्यांना सरबत दिलं. घरात सरबत होतं हे मला माहीत नव्हतं.

मावशीने तिच्या घरातल्या आल्ताराला, म्हणजे देव्हाऱ्याला, पडदा लावलाय. दिवसरात्र उघडा, दिवा जळणारा आल्तार आणि आता त्याला परकराच्या कापडाचा पडदा. म्हातारपणी माणसं विचित्र होत जातात. आज पुन्हा विचारलं, "काही सांगायचं हाय का?"

मला वाटतं, तिला भिंतीचं कळलंय. एकसष्ट साली बाबांनी मधली भिंत बांधताना ती मावशीच्या बाजूला वीतभर सरकवली होती. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते खोटं नाही. भिंत सरकवली बाबांनी आणि चटके मला बसतायत.

१७ जुलै, मंगळवार

न राहवून पोस्टात भीमराजला सगळं सांगितलं. भीमराज पार्सल विभागात आहे, घाटकोपरला राहतो, बौद्ध आहे, त्यामुळे गोष्ट पाखाडीपर्यंत पोचायची भीती नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सरळ सांगून टाक ना यार. चोरीला गेला म्हणून. तुझा सांत काय तुझ्यावर केस करणार?"

त्याला सांगणं सोपं आहे. त्याच्या पणजोबांनी प्लेगमध्ये काही बसवलेलं नाही. मी म्हटलं, सांगण्याचं सोडून दुसरं काय ते बोल.

मग म्हणाला, "आमच्या मागच्या गल्लीत गुणाजी आहे. गणपती करतो. काय पाहिजे तो देव बनवून देईल."

२२ जुलै, रविवार

भीमराजबरोबर घाटकोपरच्या असल्फ्याला जाऊन आलो. गुणाजी मूळचा मालवणकडचा, गिरणीत साच्यावर होता. संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही, म्हणून बापाचा गणपतीचा धंदा त्याने इथे पत्र्याच्या शेडमध्ये मांडलाय. शेडला तो शाळा म्हणतो. चाळीसेक गणपती बिनरंगाचे बसलेले होते, आणि मी आत शिरल्यावर सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटलं. खाई त्याला खवखवे.

"देव कितक्या दिसांचो?" गुणाजीने विचारलं.

"नऊ दिवस घरात. मग मिरवणूक."

"म्हणजे आमच्यासारख्याच." त्याला बरं वाटलं. "मगे शाडूतच करतंय. प्लास्टरचो तरंगत रवता, तुमकां बरा दिसाचा नाय. माजी मूर्ती धा मिनटांत मोकळी. कण रवाचो नाय."

यातलं मला काहीच कळलं नाही. पण कारागीर आपल्या मालाची तारीफ करू लागला की मान डोलवावी, हा माझा नियम आहे.

जखमेवरून मात्र वाद झाला. मांडीवर जखम हवी म्हटल्यावर त्याने हातातला गोळा खाली ठेवला. "ता माज्या हातान होवचा नाय. खंडित देव घरात ठेवूचो नसता." जखम हीच त्या सांताची ओळख आहे, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना झालेली आहे, असं मी परोपरीने सांगितलं. शेवटी भीमराजने तोडगा काढला. जखमेच्या जागी फक्त एक लाल टिळा.

चेहऱ्यासाठी नमुना नव्हता. म्हणून मी तासभर समोर स्टुलावर बसून वर्णन केलं. लांबट नाक, जाड ओठ, कपाळ मोठं, नजरेत जरा घाबरलेपणा पण भला माणूस. गुणाजी माझ्याकडे एकटक बघत गोळा दाबत होता. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं आजवर कुणी ऐकलेलं नाही.

१ ऑगस्ट, बुधवार

नातल रोज टॉवेलासमोर मेणबत्ती लावते. आज सहज बाटली हलवून पाहिली, निम्मी झालीये. झाकण तर घट्ट आहे. या दमट हवेत सरबतसुद्धा आटतं की काय कोण जाणे.

५ ऑगस्ट, रविवार

सांत आणला. गुणाजीने मोठ्या कौतुकाने ओलं फडकं बाजूला केलं आणि मी हादरलोच. पायाशी चार कुत्रे.

"दत्ताक चार असतत," गुणाजी म्हणाला.

"आमच्याला एकच."

"इतक्या मोठ्या देवाक एकच?" त्याला आमची दया आली. त्याने पातीने तीन कुत्रे अलगद सोडवले आणि गणपतींच्या रांगेत फळीवर नेऊन ठेवले. उरलेल्याच्या तोंडात पाव आहे, पण लादीपाव. तो तसाच राहू दिला.

चेहरा मात्र देखणा उतरलाय. कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो, नेमका आठवत नाही. रोज सकाळी दिसणाऱ्यांपैकीच कुणीतरी. घरी आणून बाटलीच्या जागी ठेवला (बाटली पूर्ण रिकामी होती) आणि रंग वाळल्याचं जाहीर करून नातलला बोलावलं. तिने सांताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, पुन्हा सांताकडे, आणि तोंडाला नॅपकिन लावून मोरीत गेली. बराच वेळ आतून हुंदके येत होते. तिची भक्ती एवढी असेल असं वाटलं नव्हतं.

७ ऑगस्ट, मंगळवार

पहिला दिवस पार पडला. पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. रंगकाम सगळ्यांना आवडलं. फादर नॉर्बर्ट सांताजवळ गेले, चष्मा पुसला, माझ्याकडे वळून काहीतरी बोलणार होते, पण त्यांना एकदम खोकल्याची उबळ आली.

खरी भीती रेजिना मावशीची. तिला दिसत नाही, पण ती बोटांनी बघते. पदर सावरत आली, सांताच्या पायाचं चुंबन घेतलं, मग बोटं वर नेली. टिळ्यावरून, काठीवरून, टोपीवरून. नाकावर थांबली. "इनास," म्हणाली, "इकडे ये बाबा." मी गेलो. तिने त्याच बोटांनी माझं नाक चाचपलं. "हं," म्हणाली.

मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, "सांत रोक यंदा तरुण झाला. बरं झालं. नऊ दिवस माझी एक मागनी हाय त्याच्याकडे. कसली ते मनातच राहील." आणि लदीन सुरू केली, त्या जुन्या खणखणीत आवाजात. सगळे ‘ओरा प्रो नोबिस’, म्हणजे आमच्यासाठी विनंती कर, म्हणत होते. मी सगळ्यांत मोठ्याने म्हणत होतो.

९ ऑगस्ट, गुरुवार

चणे वाटताना मावशीने पुन्हा तेच. "काही सांगायचं हाय का?" आज माझा धीर सुटला. तिला कोपऱ्यात नेलं आणि सांगून टाकलं की बाबांनी भिंत वीतभर सरकवली होती, मला तेव्हापासून ठाऊक आहे, माफ कर.

"ते मना एकसष्टपासनं ठाऊक हाय," मावशी म्हणाली. "दुसरं?"

दुसरं काही नाही म्हटलं. ती उसासा टाकून चणे खाऊ लागली. दात नाहीत, एकेक चणा घोळवत बसते. काय पाहिजे काय हिला माझ्याकडून?

११ ऑगस्ट, शनिवार

वाट लागली. दुपारी पाऊस जोरात होता. आमची कौलं गळतात, पण नेमकी सांताच्या डोक्यावर गळतील असं वाटलं नव्हतं. कामावरून येऊन पाहतो तर टोपीची कड पावसात भिजलेल्या पापडासारखी खाली लोंबतेय. सरळ करायला गेलो तर ती माझ्या बोटांना चिकटून आली. चिखल. निव्वळ चिखल.

संध्याकाळी टोपीवर फुलांची वेणी गुंडाळली. बायकांनी वेणीचं कौतुक केलं.

१२ ऑगस्ट, रविवार

मिस्सा बुडवून असल्फ्याला गेलो. गुणाजी गणपतीचे डोळे रंगवत होता.

"ही माती भाजलेली नाही?" मी विचारलं.

"भाजतत कित्याक? देव म्हणजे काय मडक्या?"

"आणि पाणी लागलं तर?"

"लागाकच होया. नायतर जातलो कसो?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन आठवड्यांपूर्वी हा माणूस मला हेच सांगत होता आणि मी मान डोलवत होतो. मी सांगितलं की आमचा जात नाही. मिरवणूक होते ती त्याला परत जागेवर ठेवायला.

गुणाजीने कुंचला खाली ठेवला. "जाणाच नाय? मगे वर्सभर रवता खय?"

"तिथेच. घुमटीत."

"वर्सभर?" तो हळहळला. "मगे येतलो म्हणान वाट कोण बघता त्याची?"

मी स्टुलावर बसून राहिलो. समोर फळीवर ते तीन कुत्रे होते, रंगवून झालेले. मी त्याला सगळंच सांगितलं, सोड्यापासून. मग त्याने आतून चहा आणला आणि म्हणाला, "सोळा तारखेक मी येतंय. माज्या हातची मूर्ती हा, तुमकां एकट्याक सोडूचंय नाय." येऊन तो काय करणार आहे, ते मी विचारलं नाही. पण बसमध्ये जरा बरं वाटत होतं.

१४ ऑगस्ट, मंगळवार

मिरवणुकीसाठी पोस्टातून प्लॅस्टिकची मोठी पिशवी आणली, टपालाच्या थैल्या झाकायची. लदीननंतर सहज म्हणून सुचवलं, पावसाळ्याचे दिवस आहेत, नवा रंग आहे, सांताला आत घालून न्यावं.

"सांताला पिशवीत कोंबनार?" मावशी म्हणाली. "भोपळा हाय का तो?"

सगळे हसले. फादरनी सांगितलं की चौघांनी धरायचं छत आहेच. ते छत मी पाहिलंय. वरच्या कापडातून चांदण्या मोजता येतात.

१५ ऑगस्ट, बुधवार

झेंडावंदन, मग मरियामातेची मिस्सा, दोन्हीकडे मी एकच मागितलं. आकाश स्वच्छ आहे. दिवसभर एक ढग नाही. इतक्या वर्षांत मी उन्हाचं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं.

संध्याकाळी शेवटची लदीन. जाताना मावशीने माझं मनगट धरलं. "अजून वेळ हाय, इनास."

"कसला वेळ?"

"चणे भिजवायचा," म्हणाली आणि माझं मनगट सोडून काठी टेकत गेली.

आज मला एक सांगायला हवं. नऊ दिवस माझ्या पडवीत माणसं येतायत. कुणी गुडघ्यासाठी मागतो, कुणी मुलीच्या लग्नासाठी. आणि मी त्यांना असल्फ्याच्या चिखलापुढे बसवलंय. सुरुवातीला मला फक्त पकडलं जायची भीती होती. आता लाज वाटते. पण सांगणार कधी? उद्या चार वाजता बँड येणार.

१७ ऑगस्ट, शुक्रवार

काल लिहायला हात उचलत नव्हता. आज रजा टाकून सगळं सविस्तर लिहितो.

चार वाजता बँड आला, छत आलं, फादर आले. गुणाजीही आला, इस्त्रीचा शर्ट घालून, बायको जानकीला घेऊन. भीमराज त्यांच्या मागे. मी नवा सूट घातला होता. सांताला छातीशी धरला आणि निघालो. आकाश निळं होतं. सगळ्यांत पुढे रेजिना मावशी, एका हाताने काठी टेकत, दुसऱ्या हाताने पोटाशी एक गाठोडं धरून. मला वाटलं रेनकोट असेल.

चक्कीपर्यंत ठीक गेलं. वळणावर वारा सुटला आणि पाच मिनिटांत असा पाऊस कोसळला की बँडवाल्यांच्या भोंग्यांतून पाण्याचा आवाज येऊ लागला. छत उलटं झालं. मी सांतावर ओणवा झालो, कोटात घेतला, पण पाणी मानेवरून आत येत होतं. आधी वेणीसकट टोपी गेली. मग काठी वाकली. कुत्र्याच्या तोंडातला पाव माझ्या बुटावर पडला. नवा सूट छातीपासून खाली राखाडी झाला. मी खाली पाहिलं तर सांताचं नाक ओघळत ओघळत हनुवटीपर्यंत आलं होतं आणि तो माझ्याकडे अतिशय दीनवाण्या नजरेने बघत होता.

मी थांबलो. मागचे लोक मागोमाग आदळत थांबले. बँड एकेक वाद्य करत बंद पडला.

मी म्हटलं, "हा आपला सांत रोक नाही. आपला माझ्याकडून हरवला. जुलैतच. मी त्याला सोड्यात धुतला, भिंतीवर ठेवला आणि तो चोरीला गेला. हा मी असल्फ्याहून करून आणला. मी तुम्हाला सगळ्यांना फसवलं."

आवाज काउंटरवरचाच होता, शेवटच्या माणसापर्यंत पोचला असणार. मला बाबा आठवले, याच वळणावरून ताठ मानेने जाताना, आणि मी रडलो. पाऊस होता म्हणून कुणाला कळलं नसावं. (नातल म्हणते सगळ्यांना कळलं.)

मग मावशी वळली. "एवढंच ऐकायचं होतं," म्हणाली, आणि काठी नातलकडे देऊन गाठोडं सोडलं.

आत सांत रोक होता. आमचा, लाकडाचा. भुवया नाहीत, नाक नाही, काठीची मूठ चावलेली, आणि मांडीवरच्या जखमेवर चांगले खोल चार दात उमटलेले. त्या रविवारी मी दाढी करत असताना टायगरने तो भिंतीवरून उचलून थेट मालकिणीच्या पायाशी नेऊन ठेवला होता. पानवाल्याची मी विनाकारण बदनामी केली.

मावशीने लाकडाचा सांत माझ्या उजव्या हातात दिला. डाव्या हातात मातीचा होता, म्हणजे अर्धाअधिक होता. मी तो चिखल रस्त्याकडेला ठेवायला वाकलो, तर गुणाजीने माझा दंड धरला. "असो टाकूचो नाय. नऊ दीस पुजलेलो हा. पाण्यात जावक होयो."

फादर नॉर्बर्टनी तोंड उघडलं. ते काय म्हणणार होते ते कधीच कळणार नाही, कारण त्याआधीच मावशी म्हणाली, "माणूस बरोबर बोलतो," आणि क्रूसामागच्या जुन्या विहिरीकडे चालू लागली. सगळी पाखाडी तिच्या मागे. बँडनेही वाजवायला घेतलं.

घुमटीत लाकडाचा सांत बसवला. मग विहिरीच्या काठावर गुणाजीने मला मूर्ती तीन वेळा खालीवर करायला लावली आणि मोठ्याने म्हणाला, "पुढच्या वर्षी लवकर या." आता आमच्या लोकांना कुणी देवासमोर मोठ्याने काही म्हटलं की एकच उत्तर ठाऊक. दीडशे जणांनी म्हटलं, "ओरा प्रो नोबिस." गुणाजीला ते फार आवडलं. त्याने आणखी दोनदा म्हटलं, आम्ही आणखी दोनदा उत्तर दिलं. मी मूर्ती सोडली. दहा मिनिटं नाही लागली, कण राहिला नाही. माणूस शब्दाचा पक्का.

"चेहरा कुणाचा होता रे तो?" भीमराजने गुणाजीला विचारलं.

"नमुनो खयसून आणू? हेच समोर बसलेले." त्याने माझ्याकडे बोट केलं.

नातल म्हणाली, "स्वतःच्या हाताने स्वतःला बुडवणारा पाखाडीतला पहिलाच." मग तिला पुन्हा तसे हुंदके आले. ती रडत नाहीये हे मला काल प्रथमच कळलं. सरबताचंही तिथेच कळलं. पहिल्या दिवशीच तिने टॉवेल उघडून पाहिला होता. फादरना, तिच्या बहिणीला, मीटर बघायला आलेल्या माणसाला, सगळ्यांना त्यातलंच दिलं. "मेणबत्ती कशाला लावायचीस मग?" मी विचारलं. "तुझ्यासाठी," म्हणाली.

आज सकाळी मावशीकडे मैद्याचे फुगे घेऊन गेलो, नातलने तळलेले. टायगर मोकळा होता, आल्ताराचा पडदा गेला होता. मी विचारलं, "पहिल्या दिवसापासून तुझ्याकडे होता. मग एकोणचाळीस दिवस बोलली का नाहीस?"

"मी रोज बोलले. तूच नाही बोललास."

"आणि त्या मातीपुढे नऊ दिवस लदीन म्हटलीस? ठाऊक असताना?"

मावशीने एक फुगा टायगरला दिला, एक स्वतः घेतला. "मागनी होती ना माझी. नऊ दिवस एकच मागत होते, इनासचं तोंड उघड. तुझा बाप भिंत मनात ठेवून गेला. शेवटपर्यंत माझ्याकडे सरळ बघू शकला नाही. मना वाटलं, पोराचं तरी तसं नको."

मी विचारलं, "आणि पाऊस?"

"तोंड मी मागितलं. पाऊस त्याने त्याच्या मनाने घातला," मावशी म्हणाली. "सोडा घातलास ते मात्र मना नव्हतं ठाऊक. तरीच टायगरला दोन दिवस उलट्या."

घरी आलो. नातलने विचारलं, काय म्हणाली मावशी? मी सगळं सांगितलं, बाबांचंसुद्धा. सांगता सांगता दुपारचे दोन वाजले.

१८ ऑगस्ट, शनिवार

सिलिंडर संपला.